आंबा घाटाच्या अल्याड-पल्याड

रत्नागिरीत थिबा पॅलेसचा रस्ता विचारला की आधी उलटा प्रश्न येतो, "कुणाकडे जायचंय?" गावाच्या दृष्टीने थिबा पॅलेस ही आता एक वस्ती आहे. रस्त्याला ते नाव, किराणा दुकानाला ते नाव, रिक्षा थांब्यालाही तेच. नुसता राजवाडा बघायला आलेल्या माणसाकडे लोक जरा थांबून पाहतात. मी सोलापूरची. आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला की आधी "या, बसा", मग पाण्याचा तांब्या, आणि कोण-कुठले ते चहा झाल्यावर. इथे उलटं. पडवीच्या पायरीवरूनच तुमचं गाव, आडनाव, कुणाची कोण हे सगळं विचारून होतं. उत्तर मनासारखं मिळालं की मग मात्र कोकम सरबताचा पेला हातात येतो आणि तुम्ही उठू म्हटलं तरी उठू दिलं जात नाही.

दिवाळी नुकतीच सरली होती. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसते खुंट उरले होते आणि अंगणांतून पेंढ्याच्या उडव्या रचणं चाललं होतं. मी जिथे उतरले त्या घरच्या काकूंनी पहिल्याच दुपारी तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी वाढली. शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर वाढलेल्या माझ्या जिभेला त्या तिखल्यातल्या तिरफळाने आधी बुजवलं आणि मग जिंकलं. "राजवाड्यात काय बघणार तुम्ही?" काकू म्हणाल्या. "आमच्या लहानपणी आम्ही तिथे नुसते खेळायला जायचो." मी म्हटलं, "तिथे थिबा राजाच्या चार मुली राहिल्या, त्यांच्यासाठी जातेय." काकूंनी वाढता हात थांबवला. राजा सगळ्यांना माहीत असतो. मुलींचा विचार फारसा कुणी करत नाही.

नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाशी तिसरं युद्ध केलं. जेमतेम दोन-तीन आठवड्यांत ते संपलं. मंडालेचा राजा थिबा आणि राणी सुपायालात यांना बैलगाडीतून नदीकाठी आणलं, बोटीत बसवलं, आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. सोबत दोन लहान मुली होत्या. तिसरी वाटेत मद्रासला जन्मली, चौथी रत्नागिरीत. राजवाडा म्हणून आपण जो बघतो तो पुरा व्हायला १९१० उजाडलं. म्हणजे या मुलींचं बालपण त्या देखण्या वास्तूत गेलंच नाही. ते गेलं सरकारी बंगल्यांत, पहाऱ्यात. राजवाड्यात राहायला आल्या तेव्हा थोरली तिशीची झाली होती.

तरीही राजवाड्यात फिरताना त्यांचाच विचार येतो. उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या, लाकडावरची कोरीव नक्षी, खाली संगमरवरी फरशीचं नृत्यदालन. आता पुरातत्त्व खात्याकडे असलेल्या या वास्तूत शिल्पं मांडली आहेत. मी मागच्या बाजूच्या गवाक्षाशी बराच वेळ उभी होते. या मुली रत्नागिरीतल्या कुठल्याही शाळेच्या बाकावर बसल्या नाहीत. राजघराण्याची पायरी आणि इंग्रजांचा पहारा अशा दोन भिंती त्यांच्याभोवती होत्या. नोकरमाणसांत वावरून त्या मराठी बोलायला शिकल्या. गावात वाढून गावच्या होऊ न देणं आणि परत जाण्याचीही आशा न ठेवणं, अशा बालपणात शिकायचं तरी कशासाठी? मी सारी हयात शाळेत घालवली. वर्गातली मुलं "हे कशाला शिकायचं, बाई?" असं विचारायची तेव्हा मी त्यांना काहीतरी पुढचं दाखवायची, परीक्षा, नोकरी, मोठं होणं. या चौघींना असं पुढचं काही दाखवता आलं नसतं.

थोरल्या राजकन्येचं बंगल्यावरच्या रखवालदारावर मन जडलं. त्यांना मुलगी झाली. तिचं नाव टूटू. १९१६ च्या डिसेंबरात थिबा रत्नागिरीतच वारला, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. थोरली मात्र पुन्हा रत्नागिरीला परतली. मंडालेच्या राजाची नात रत्नागिरीच्या साध्या घरात मराठी बोलत मोठी झाली, इथेच संसार केला, इथेच म्हातारी झाली. लोक ही गोष्ट चुकचुकत सांगतात. मला त्यातली एक बाजू दिलाशाची वाटते. राजकन्यांना जे गाव मिळालं नाही ते टूटूला मिळालं.

थिबा पॉइंटवर संध्याकाळी गर्दी असते. खाली भाट्याची खाडी, राजिवड्याच्या होड्या, पलीकडे समुद्र. पोरंटोरं भेळ खात कठड्यावर बसलेली. मागे वळलं तर पूर्वेला डोंगरांच्या रांगा. इंग्रजांनी हे गाव का निवडलं ते इथे उभं राहिल्यावर नकाशाशिवाय समजतं. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला सह्याद्री, मधे ठेवलेला माणूस जगाच्या नजरेआड. पुढे सावरकरांनाही १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं ते याच हिशेबाने. पण ज्या गावाकडे सरकारने विस्मरणाची जागा म्हणून पाहिलं, तिथेच १८५६ मध्ये एका शाळामास्तरांच्या घरी टिळक जन्मले होते. राजवाड्याच्या परिसरात आता शासकीय तंत्रनिकेतन आहे. पाठीवर दप्तरं टाकलेल्या मुली स्कूटरवरून त्या चढावर सुसाट जात होत्या. मी रस्त्याच्या कडेला सरून त्यांना वाट दिली आणि मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची एसटी धरली. रत्नागिरी सोडून हातखंबा, पाली, नाणीज. जांभ्या दगडाचे गडगे, काजूची झाडं, मधूनच कौलारू घर आणि दारात वाळत घातलेल्या सुपाऱ्या. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या आजींनी डब्यातला घावन माझ्या हातावर ठेवला. मी नको म्हणाले. "घाटात पोटात काय नसलं की मळमळतं," त्या म्हणाल्या आणि विषय मिटवला. रत्नागिरीत इतकी चौकशी करणारी माणसं प्रवासात मात्र काहीही न विचारता खाऊ घालतात, हे मला फार आवडलं.

आंबा घाट चढताना माती रंग बदलते. लालसर जांभा मागे पडतो, काळा कातळ वर येतो, झाडी दाट होते. वर आलं की हवाच निराळी. घामट दमटपणा खाली राहतो आणि खिडकीतून गार वारा येतो. इथून जवळच विशाळगड आणि पावनखिंड. आंबा, मलकापूर, बांबवडे अशी गावं जात राहतात. नाचणीची खळी संपतात, ऊस सुरू होतो आणि बोलीही पालटते. कोकणात वाक्य नाकातून वळसे घेत येतं, इथे ते छातीतून थेट येतं. कंडक्टरने मागे वळून हाळी दिली, "कोण उतरणार हाय मलकापूरला? लवकर आवरा की!" आणि मला कळलं की मी देशावर आले.

हा रस्ता मी मुद्दाम धरला होता. घाटाच्या अल्याड एक युद्धातलं बालपण होतं, शाळेशिवायचं. पल्याड दुसरं होतं, आणि ते जवळजवळ सगळं शाळेभोवती उभं होतं.

कोल्हापुरात माझी डी.एड.ची मैत्रीण राहते. ती अजून शिकवते. तिच्या घरी पोचले तेव्हा "जेवलासा का?" हा पहिला प्रश्न आणि त्याचं उत्तर ऐकायच्या आत ताट. तिच्या धाकट्या दिराने वाटेवरच्या गुऱ्हाळात नेलं. काहिलीत रस उकळत होता, वाफेत सगळी माणसं धूसर. तिथल्या बाईंनी काकवीची वाटी दिली, वर शेंगदाणे. दर माणशी एक वाटी, पैशाचं नावच नाही. "गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं धाडायचं नसतंय," त्या म्हणाल्या. पाहुण्याला आधी खाऊ घालायचं आणि मग नाव विचारायचं, हे आमच्या सोलापूरच्या जवळचं. मला घरी आल्यासारखं झालं.

आणि याच मुलुखात १९४३ साली सुमारे पाच हजार पोलिश माणसं येऊन राहिली होती.

ती इथवर कशी आली हे थोडक्यात सांगायला हवं, कारण ते त्या काळात मोकळेपणी सांगितलंच गेलं नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून गेले. पूर्वेच्या भागातली लाखो माणसं १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. फेब्रुवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत अर्ध्या रात्री दार ठोठावून, हाताला लागेल ते घ्या म्हणून. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, रशिया इंग्रजांचा दोस्त झाला आणि जुलैत झालेल्या कराराने या कैद्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये एक लाखाहून जास्त पोलिश सैनिक आणि नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. त्यांत उपासमारीने सुकलेली, टायफसने झिजलेली हजारो मुलं होती. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं कुठे ठेवायची? काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला. नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, बालाचडीला मुलांची छावणी उघडली. आणि कराचीमार्गे आलेल्या मोठ्या संख्येच्या कुटुंबांसाठी कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेजवळच्या वळिवड्याला एक अख्खं गाव उभारलं गेलं.

छळणारा रशिया आता दोस्त होता, म्हणून ही माणसं कुठून आणि का आली यावर युद्धभर बोलणं गैरसोयीचं होतं. युद्धानंतर पोलंडमध्ये रशियाच्या छायेतलं राज्य आलं. तिथे तर सैबेरियाचा उच्चारच करायची सोय उरली नाही, आणि ते जवळजवळ १९८९ पर्यंत तसंच राहिलं. वळिवड्याची वस्ती गुप्त नव्हती. तिच्या आजूबाजूला बाजार भरत होता, रेल्वे जात होती. पण त्या वस्तीतलं बालपण पुढे चाळीस-पन्नास वर्षं त्या मुलांच्या मायदेशात दडवून ठेवावं लागलं.

त्याच १९४३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पठारावर लॉस अलामॉस नावाची वस्ती उभी राहत होती, आणि ती खरीच गुप्त होती. तिथे आधीच्या एका मुलांच्या शाळेची जागा सरकारने घेतली आणि अणुबॉम्ब बनवणारे शास्त्रज्ञ कुटुंबांसह आणून ठेवले. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून नुसता टपालपेटी क्रमांक १६६३ लिहिला जाई. तिथेही शाळा होती, तिथेही मुलं गुणाकार शिकली. वडील काय करतात हे त्यांना ऑगस्ट १९४५ मध्ये जगाबरोबरच कळलं. युद्ध मोठी माणसं करतात, आणि मुलांना त्या दिवसांतही सातचा पाढा पाठ करावा लागतो. माझ्या मनात ही दोन गावं आता शेजारी-शेजारी राहतात.

सकाळी मैत्रिणीबरोबर महावीर उद्यानात गेले. बागेत पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. चालायला आलेले आजोबा त्याला वळसा घालून फेऱ्या मारत होते. मी त्यांपैकी एकांना विचारलं. ते थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, "माझी आई सांगायची, कॅम्पातली गोरी पोरं अनवाणी फिरायची आणि बाजारात भाव करायची आपल्या भाषेत." कोल्हापूरच्या माणसाचं हे विशेष, की तो तुम्हाला इतिहास नेहमी घरातल्या माणसाच्या तोंडून सांगतो. आई सांगायची, मामा बघायचा, आजी कॅम्पात दूध घालायची. रत्नागिरीत थिबाबद्दल लोक ऐकीव गोष्ट सांगतात. इथे ओळख सांगतात. राजकन्या पहाऱ्यात होत्या आणि ही मुलं बाजारात होती, हा फरक साठ-सत्तर नव्हे तर ऐंशी वर्षांनंतरही लोकांच्या बोलण्यात टिकून आहे.

तिथून पोलिश दफनभूमीत. छोटीशी जागा, काही वर्षांपूर्वी नीटनेटकी केलेली. सैबेरियात जगलेली माणसं इथे येऊन आजाराने गेली, त्यांत मुलंही होती. पोलंडमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला घरादारातले सगळे जण मृतांच्या थडग्यांवर दिवे लावतात. छावणीतही ते दिवे लागले असणार, आणि आजूबाजूच्या घरांत दिवाळीच्या पणत्या नुकत्याच विझलेल्या असणार. क्षयाच्या रुग्णांना आणि अशक्त मुलांना पाचगणीच्या हवेत पाठवलं जाई. काही मुली तिथल्या कॉन्व्हेंटमध्येही शिकल्या.

मग गांधीनगर. रिक्षा आत शिरते आणि दोन्ही बाजूंना कापडाचे ढीग, साड्यांचे गठ्ठे, हातगाड्या, हमाल, हिशेबाच्या वह्या. छावणी होती ती इथेच. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित याच जागेत आले आणि त्यांनी हे घाऊक कापडाचं मोठं पेठगाव केलं. एका दुकानदाराने आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड मागवलं आणि मराठी, हिंदी, सिंधी असं मिसळून बोलू लागला. त्याचे आजोबा आले तेव्हा पोलिश लोक अजून पुरते गेले नव्हते, असं त्याने घरात ऐकलेलं. "एक लोग जा रहे थे, एक आ रहे थे," तो म्हणाला, आणि लगेच गिऱ्हाईकाला ठाण उलगडून दाखवायला वळला.

छावणी कशी होती याचं चित्र तिथल्या मुलांनी पुढे लिहिलेल्या आठवणींतून उभं राहतं. लांबच लांब बराकी, कौलांची छपरं, तट्ट्यांच्या भिंती, प्रत्येक कुटुंबाला खोली, स्वयंपाकाची जागा आणि पुढे ओटा. तट्ट्यातून शेजारच्या घरातलं बोलणं, खोकणं, प्रार्थना सगळं ऐकू येई. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत, वाचनालय होतं, अनाथ मुलांसाठी वेगळं वसतिगृह होतं. छावणीचे प्रमुख होते कॅप्टन व्वादिस्वाव यागिएवोविच. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत येउगेनियुश बानाशिन्स्की आणि त्यांची पत्नी किरा यांनी या मुलांसाठी सारं हिंदुस्थान पालथं घातलं. खर्च लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार करत होतं.

पण सगळ्यात आधी तिथे शाळा निघाल्या. मला हे कळलं तेव्हापासून मी त्या शिक्षिकांचा विचार करते आहे. बालवाड्या, प्राथमिक शाळा, त्यावर माध्यमिक, त्यावर महाविद्यालयाची पूर्वतयारी, शिवाय हातकाम आणि व्यवसायाचं शिक्षण. पुस्तकं तुटपुंजी. काही पोलिश सैन्याने जेरुसलेममध्ये छापलेली. वर्गात दहा वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी एकाच इयत्तेत, कारण दोघांचीही तीन वर्षं उपासमारीत गेलेली. अशा वर्गाला शिकवणं किती अवघड, हे शिक्षकालाच कळेल. ज्या मुलाने सैबेरियात लहान भावाला मरताना पाहिलं, त्याला तुम्ही व्याकरण कसं शिकवाल? माझ्या मते त्या बायकांनी बरोबर तेच केलं. व्याकरणच शिकवलं. रोज ठरल्या वेळी घंटा, रोज गृहपाठ, रोज हजेरी. नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं. सैबेरियात जी माणसं आकडे झाली होती त्यांना पुन्हा नाव मिळालं ते हजेरीपटात.

त्याच वेळी त्यांच्या मायदेशात शिकणं हाच गुन्हा होता. जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडमध्ये पोलिश मुलांसाठी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं बंद करून टाकली होती. शिक्षकांनी १९३९ पासूनच गुप्त संघटना बांधली आणि स्वयंपाकघरांत, तळघरांत, पाच-सात मुलांचे वर्ग भरवले. सापडलं तर छळछावणी किंवा मरण. तरी हजारोंनी मुलं अशी शिकली, परीक्षाही दिल्या. तिथले बालवीर चोरून संघटित होत होते, आणि वळिवड्याच्या मैदानावर मात्र बालवीरांची पथकं दिवसाढवळ्या झेंडा उभारत होती, शेकोटीभोवती गात होती, पंचगंगेत पोहत होती. वॉर्सात जो धडा दार लावून शिकवावा लागे, तोच इथे कोल्हापूरच्या उन्हात उघड्या खिडकीशी शिकवला जाई.

माझ्या डोळ्यांसमोर नेहमी भूगोलाचा तास येतो. भिंतीवर पोलंडचा नकाशा आहे. पूर्वेला विल्नो, ल्वूव, मुलांची गावं. "इथे आपण परत जाणार," असं शिक्षिका म्हणत असणार, कारण सगळं शिक्षणच त्या परतण्यासाठी होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्ताला तीन मोठ्या दोस्त देशांच्या नेत्यांनी बसून तो पूर्वेचा भाग रशियाला देऊन टाकला. पोलंडची सीमाच उचलून पश्चिमेला सरकवली. जुलै १९४५ मध्ये इंग्लंडने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. युद्ध जिंकलं गेलं होतं आणि वळिवड्यातल्या मुलांचं घर नकाशावरून दुसऱ्या देशात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी वर्गात काय शिकवलं असेल? घंटा झाली असेल आणि मुलं बसली असतील, एवढं नक्की, कारण शाळा चालूच राहिल्या.

इथे मला रत्नागिरीच्या चौघी आठवल्या, आणि मी मैत्रिणीशी जरा वाद घातला. ती म्हणाली, "त्यांनाही कुणी शिकवलं असतं तर काय फरक पडला असता? परत जायला मिळायचंच नव्हतं." मी म्हटलं, वळिवड्यातल्या बहुतेकांनाही मिळालं नाही. फरक सोबतीचा होता. शाळा म्हणजे धडे थोडेच, बरोबरीची मुलं जास्त. राजकन्यांना बरोबरीचं कुणीच नव्हतं. वळिवड्यातल्या पोराला बाकावर शेजारी तसंच दुसरं पोर मिळालं, ज्याला काहीही समजावून सांगायची गरज नव्हती. माझं हे म्हणणं मैत्रिणीला पटलं, पण पूर्ण नाही. "मग टूटूला शाळा नव्हती, तरी ती टिकलीच की," ती म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही मी त्याचा विचार करते.

वळिवड्याच्या स्टेशनावर थोडं थांबलो. मिरज-कोल्हापूर मार्गावरचं साधं स्टेशन. गवताचा भारा घेऊन एक बाई फलाटाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी आपण होऊन जागा करून दिली, आणि "कुणाची वाट बघतायसा?" असं विचारलं. १९४७-४८ मध्ये इथून गाड्या भरभरून गेल्या. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा. पोलंडला फार थोडे. एक मुलगी कोल्हापुरातल्याच तरुणाशी लग्न करून इथलीच झाली. बाकीच्यांची मैत्री मात्र देशोदेशी गेल्यावरही तुटली नाही. लंडनमध्ये त्यांनी भारतातल्या पोलिश लोकांची संघटना चालवली, कागदपत्रं आणि आठवणी गोळा करून जाडजूड ग्रंथ काढला. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री कोल्हापुरात आले तेव्हा इथे वाढलेले काही वृद्धही आले होते. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक उभं राहिलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. हे सगळं फार उशिरा झालं, पण त्या मुलांनी स्वतः लिहून ठेवलं नसतं तर तेवढंही झालं नसतं. लिहायला त्यांना वळिवड्यातच शिकवलं होतं.

परतताना रिक्षात मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "आमच्या सातवीला दुसरं महायुद्ध शिकवते मी. हिटलर, हिरोशिमा, सगळं सांगते. आणि हे आठ किलोमीटरवरचं एकदाही सांगितलेलं नाही."

"मग आण की त्यांना."

"महावीर उद्यानापासून सुरुवात करू," ती बोटं मोजायला लागली. "मग दफनभूमी, मग गांधीनगर. दोन वर्ग म्हणजे ऐंशी पोरं. एसटीच्या दोन गाड्या लागतील. डबे घरून. आणि एखाद्या सिंधी आजोबांना बोलवायचं, पोलिश गेल्यावर पुढे काय झालं ते पोरांनी त्यांनाच विचारू दे." तिने पिशवीतून शाळेची डायरी काढली आणि रिक्षाच्या धक्क्यांतच तारीख लिहिली.

"गांधीनगरला सोमवारी सुट्टी असती, बाई," पुढून रिक्षावाला म्हणाला. "बुधवारी आणा."

तिने सोमवार खोडून बुधवार केला.